‘इतर’ नावाच्या फोल्डरमधलं हळदीचं गाणं

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मी माझ्या जुन्या ऑफिसातला सगळा मेल नव्या सर्व्हरवर आणला. आणताना आत्याने पाठवलेल्या लग्नाच्या गाण्यांवरची नावं गेली. गाणी राहिली. हे काम मी एकट्याने केलं. त्यात कोणाची मदत घेतली नाही आणि मध्ये कोणी अडवलंही नाही.

बालाघाटातल्या एका हिंदी साप्ताहिकात मी बरीच वर्षं उपसंपादक होतो. नोकरी सोडल्यावरही मेलचा पत्ता तोच ठेवला होता. कारण आळस. मालकांनी सर्व्हर बंद करायचं ठरवलं तेव्हा सगळ्या जुन्या माणसांना निरोप आला, की आपापलं सामान उचला. मी दुसरीकडे एक मेलबॉक्स घेतला आणि सामान उचलायला बसलो.

त्या सामानात कामाचं फारसं काही नव्हतं. नगरपालिकेची जुनी निवेदनं होती, शुद्धिपत्रांचे मसुदे होते, दिवाळीच्या शुभेच्छा होत्या. किंमत होती ती आत्याच्या गाण्यांना.

आत्या कटंगीला राहते. हिंदी शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यापासून कटंगी-तिरोडी पट्ट्यातल्या लग्नांना जाते आणि मांडवातल्या बायांची गाणी फोनवर रेकॉर्ड करते. ही गाणी मराठीत असतात. ती येणाऱ्या बाया आता कमी उरल्या आहेत, कारण पोरी घरात हिंदी बोलतात आणि हळदीला डीजे लागतो. तिच्या फोनमध्ये जागा नसते, म्हणून प्रत्येक गाणं ती मला मेल करते आणि मला मिळालं असं कळलं की फोनमधून पुसून टाकते. तिचा फोन रिकामा राहतो आणि माझ्याकडे गाणी साठत जातात.

तिची पाठवण्याची एक पद्धत आहे. फार पूर्वी पहिल्या गाण्याची पोच म्हणून मी तिला मेल केला होता आणि विषयाच्या जागी ‘पोचलं’ एवढंच लिहिलं होतं. तेव्हापासून प्रत्येक गाणं तिने त्या एकाच मेलला उत्तर म्हणून पाठवलं. त्यामुळे पत्ता पुन्हा टाइप करावा लागत नाही. सगळ्या गाण्यांचा विषय ‘पोचलं’. मजकूर कोरा. फाइलचं नाव फोनने दिलेलं, म्हणजे नुसते आकडे.

“आत्या, कोणी म्हटलंय, कुठं म्हटलंय, एवढं तरी लिहीत जा,” मी एकदा म्हटलं होतं.

“मी काहून लिहू? फोनवर सांगते न तुले. पेपरवाला तू आहेस का मी?”

म्हणून लिहिण्याचं काम मी घेतलं. प्रत्येक गाण्याला एक फोल्डर केला आणि ती फोनवर सांगेल ते फोल्डरच्या नावात घातलं. आधी गाव, मग गाण्याचा प्रसंग, मग गाणारी, आणि मध्ये टिंब. डेस्कवर आम्ही बातम्यांच्या फाइलींना अशीच नावं द्यायचो. माझ्या मते ही पद्धत निर्दोष होती. तिच्याबद्दल मी ऑफिसात एकदा छोटं भाषणही दिलं होतं. ऐकणाऱ्यांनी चहा संपेपर्यंत ते ऐकलं.

जुन्या सर्व्हरवर टिंब म्हणजे नुसतं टिंब होतं. फोल्डरच्या आत फोल्डर करायचा असेल तर तिथे तिरकी रेघ लागे. नव्या सर्व्हरचा नियम वेगळा. तिथे आत जायची खूण म्हणजेच टिंब. माझं ‘कटंगी टिंब हळद टिंब अमक्याची मोठी सून’ हे एक नाव आहे असं त्याला वाटलं नाही. त्याने कटंगी नावाची खोली बांधली, तिच्यात हळद नावाची खोली बांधली आणि तिच्या आत मोठी सून. शिवाय देवनागरी नावं सर्व्हरच्या पोटात रोमन अक्षरांच्या लांबलचक माळा होऊन बसतात, आणि माळेच्या लांबीला नव्या सर्व्हरवर मर्यादा होती. ज्या गाणाऱ्यांची ओळख मी सविस्तर लिहिली होती, त्यांना त्याने दारातूनच परत पाठवलं.

पहिल्या प्रयत्नानंतर नव्या मेलबॉक्समध्ये रिकाम्या खोल्यांची चाळ उभी राहिली होती. गाणी तुरळक कुठे कुठे पडली होती. मी सगळं पुसलं आणि बॅकअप पुन्हा नीट पाहायला घेतला.

सुरुवातीलाच जुन्या सर्व्हरवरून उतरवून घेतलेला हा बॅकअप माझ्या लॅपटॉपवर होता. त्यात प्रत्येक फोल्डरच्या दोन फाइली दिसत होत्या, एक जड आणि एक हलकी. दोघींची नावं अगम्य होती, कारण मेलच्या प्रोग्रॅमने माझी लांब देवनागरी नावं आपल्यापुरत्या सांकेतिक अक्षरांत आखडून घेतली होती. उपसंपादकाला अशा जोड्या ओळखीच्या असतात. एकच बातमी दोन वार्ताहरांकडून येते, तेव्हा मोठी ठेवायची आणि छोटी कापायची. मी जड फाइली ठेवल्या. हलक्या एकगठ्ठा निवडून काढून टाकल्या आणि लॅपटॉपची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. टेबल स्वच्छ असलं की मला बरं वाटतं.

जड फाइलींत मेल होते. हलक्या फाइलींत फोल्डरांची खरी नावं होती.

हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं. मी पुन्हा काम सुरू केलं. प्रोग्रॅमने विचारलं, ज्या फोल्डरांची नावं नव्या सर्व्हरच्या नियमात बसत नाहीत, त्यांचे मेल एकाच फोल्डरमध्ये टाकू का? मी हो म्हटलं. त्याने ‘इतर’ नावाचा एक फोल्डर केला आणि आत्याने आजवर पाठवलेलं सगळं त्यात ओतलं. शेवटी हिरवी खूण आली.

कोणतीही गोष्ट छापण्याआधी दोन ठिकाणांहून दुजोरा हवा, असं मी शिकलो आणि शिकवलं आहे. इथे एक दुजोरा हिरव्या खुणेचा होता. दुसरा माझा.

साप्ताहिकाच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ आहेत. त्यांना फोन केला.

“हो गया, भैया? पक्का?” त्यांनी विचारलं.

“पक्का. बंद कर दो.”

“हफ्ताभर रहने देता हूँ. आराम से देख लो.”

“ज़रूरत नहीं. मैंने खुद चेक किया है.”

“फिर तो हो ही गया,” ते म्हणाले. ते हे गंभीरपणे म्हणाले की नाही, याला दुजोरा मिळालेला नाही. जुना सर्व्हर त्याच संध्याकाळी बंद झाला. मी आत्याला कळवलं, की तुझी सगळी गाणी सुखरूप नव्या घरी आली आहेत.

एप्रिलमध्ये आत्याचा फोन आला. ती निवृत्त झाली तेव्हा पहिलीत असलेल्या, कटंगीतल्या एका विद्यार्थिनीचं लग्न ठरलं होतं. मुलीची आई काही वर्षांपूर्वी वारली. ही आई लग्नांत पुढे होऊन गाणाऱ्यांपैकी होती. तिने तिच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे या मुलीच्या मावशीच्या, हळदीला म्हटलेलं गाणं आत्याने रेकॉर्ड केलं होतं. तिरोडीच्या पुढच्या एका गावात.

“मायचा आवाज त्या घरात कोनाजोळच नाही,” आत्या म्हणाली. “फोटो आहेत ढीगभर. आवाज नाही. मी पोरीले शब्द देल्ला आहे, हळद लागायच्या आधी तुले तुया मायचं गाणं ऐकवते म्हून.”

“हळद कधी आहे?”

“येत्या शुक्रवारी. तू काढून ठेव फक्त. तुयाजोळ तर नाव घालून ठेवलेलं आहे.”

मी हो म्हटलं आणि मेलबॉक्स उघडला. ‘इतर’ उघडला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ‘पोचलं’, ‘पोचलं’, ‘पोचलं’. सर्व्हर बदलताना तारखाही सगळ्या त्या मार्चच्या रविवारच्या झाल्या होत्या. मी हलक्या फाइली आठवल्या, त्या काय होत्या याचा शोध घेतला, आणि उत्तर मिळाल्यावर लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने विचारलं, “काय झालं? तोंड काहून उतरलं?”

मी सांगितलं.

“म्हंजे हिरवी खून पाहून तुम्ही सामान घेतलं, आन् आत काय आहे ते नाही पाहिलं.”

“तसं म्हणता येईल.”

“भाजीही अशीच आनता तुम्ही.”

मी गाणी एकेक करून लावायला बसलो. पद्धत अशी ठेवली, की सुरुवात ऐकायची, आवाज ओळखीचा वाटतो का पाहायचं आणि पुढच्या फाइलवर जायचं. मुलीच्या आईला मी कधी भेटलो नव्हतो. तिचा आवाज ओळखीचा वाटण्याची शक्यता नव्हती, हे माझ्या लक्षात यायला सकाळचा बराच भाग गेला. बायको शेजारी बसून तांदूळ निवडत होती.

“थांबा. बंद नका करू,” ती एका गाण्यावर म्हणाली. “होऊ द्या पूर्न.”

“का? ओळखलं?”

“नाही. पन नवरीचं नाव घेतलं न आत्ता. आता मामाचं घेतीन.” गाण्यात पुढची ओळ आली आणि तीत मामाचं नाव होतं. “पाहा. तुम्ही ऐकून नाही राह्यले, पाहून राह्यले.”

मी खरोखरच स्क्रीनकडे पाहत होतो. तिथे आकडे होते.

आमच्याकडच्या लग्नाच्या गाण्यात चाल ठरलेली असते, ओळीही बहुतेक ठरलेल्या. नावांच्या जागा मात्र रिकाम्या असतात. ज्या मांडवात गाणं म्हटलं जातं, त्या मांडवातल्या नवरीचं, तिच्या बापाचं, भावाचं, मामाचं नाव बाया त्या जागी घालतात. म्हणजे गाणं कोणाच्या लग्नात म्हटलं गेलं हे गाण्यातच सांगितलेलं असतं, आणि ते माझ्या फोल्डरांच्या नावांपेक्षा जास्त तपशिलात. इतकी वर्षं मी गाणी फाइल करत होतो. प्रत्येक फाइल उघडते की नाही हे तपासत होतो. बातमी न वाचता तिचा मथळा हरवला म्हणून हळहळणारा उपसंपादक मी याआधी पाहिला नव्हता.

काम सोपं झालं. मुलीच्या मावशीचं नाव ज्या गाण्यात आहे ते शोधायचं. आत्याला फोन करून नाव विचारलं. ते का विचारतोय हे सांगावं लागलं.

आत्याने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

“डिलीट मारलं तू?” ती म्हणाली.

“गाणी आहेत. नावं गेली.”

“आन् मले मेसेज केला, सुखरूप म्हून.”

“हौ.”

“पेपरात असंच छापत होता काय?”

लॅपटॉप घेऊन मी कटंगीच्या बसमध्ये बसलो. वारासिवनीपर्यंत उभा होतो, पुढे जागा मिळाली. आत्याने खाटेवर चादर घातली, लॅपटॉप मध्ये ठेवला आणि चष्मा लावला. ऐकायला चष्मा कशाला, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी प्रश्न विचारण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

एक अडचण निघाली. मावशीचं नाव त्या काळी या भागात भलतंच चालत होतं. त्या नावाच्या नवऱ्या गाण्यागणिक सापडत होत्या.

“राहू दे तुयं नावगिव,” आत्या म्हणाली. “मले आवाज कळते. पोरीच्या मायले मी ढेर सारं ऐकलं आहे. लाव.”

मी लावत गेलो. ती मान हलवत गेली. नाही, ही लामता गावातली. ही नाही, हिचा गळा बसका आहे. मग एका गाण्यावर ती सरळ झाली आणि तिने माझा हात धरला.

“हेच. हाच आवाज. किती गोड हाय, पाह्य. आता असा गळा नाही राह्यला कोनाचा.”

आम्ही ते पुढे ऐकलं. मध्येच रेकॉर्डिंगमध्ये एक बाई हसत म्हणाली, “मॅडम, थोडं खालून घ्या न, आमचा आवाज नाही पोचून राह्यला तिथं.” आणि गोड आवाज म्हणाला, “घेते बाई, घेते. शाळेची सवय हाय मले जोरानं बोलाची.”

आत्याने चष्मा काढला आणि पदराने पुसला.

“माया आवाज होय हा?” ती म्हणाली.

“तसं दिसतं.”

“मंग मी रेकॉर्ड कसा केला?”

“फोन कोणाच्या तरी हातात दिला असशील.”

“हौ, देल्ला असंन.” तिने चष्मा परत लावला. “लाव पुढचं. आता मामाचंही नाव ऐकू.”

यानंतर घरात कोणी कोणाला टोमणा मारला नाही. मामाच्या नावाने काम झालं. मावशी आणि मावशीचा मामा दोघांची नावं एकत्र असलेलं गाणं एकच निघालं. हळदीचंच होतं. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या मांडवात मुलीची आईच पुढे होती. मी तिला विचारलं, नक्की का. ती म्हणाली, या घटकेला ती कोणत्याच गोष्टीबद्दल नक्की सांगणार नाही.

गाणं बऱ्यापैकी स्वच्छ होतं. शेवटी शेवटी मात्र ते मध्येच तुटत होतं. कोणीतरी ओरडत होतं, भांडं वाजत होतं, बाया हसत होत्या, आणि मग गाणं अर्धवट राहून रेकॉर्डिंग संपत होतं. माझ्या डोळ्यांसमोर मांडव आला, त्यात बसलेली नवरी आली. गोंगाट नको. मी तो शेवटचा तुकडा कापला, गाणं एका पूर्ण ओळीवर थांबवलं आणि ती कापलेली फाइल मुलीच्या फोनवर पाठवली. आत्याला सांगितलं, की साफसूफ करून पाठवलं आहे. बालाघाटला परत आलो.

गुरुवारी दुपारी मुलीचा फोन आला. ती माझ्याशी हिंदीत बोलली.

“भैया, गाना मिला. बहुत अच्छा है.” मग तिने विचारलं, “पर इसमें मम्मी कौन सी हैं?”

“मतलब?”

“सब औरतें साथ में गा रही हैं न. मैंने बहुत बार सुना. अलग से किसी की आवाज़ नहीं आती. मौसी से पूछा, वो बोलीं, होगी इसी में. होगी मतलब?”

मी लॅपटॉप उघडला आणि गाणं पुन्हा लावलं. ती बरोबर होती. बाया सुरुवातीपासून एकत्र म्हणत होत्या. एकटीचा आवाज कुठेही नव्हता. मूळ मेल ‘इतर’मध्ये जसाच्या तसा होता. मी तो उघडून शेवटचा, मी कापलेला भाग ऐकला. या वेळी स्क्रीनकडे न पाहता ऐकला.

मग आत्याला फोन केला.

“आत्या, गाणं तुटतं तिथं कोण ओरडते?”

“तू कापलं न ते?”

“कापलं. कोण ओरडते?”

“अरे, तीच न. पोरीची माय. म्हून तर गानं तुटलं. पुढची बाईच थांबली, मंग बाकीच्या काय म्हनतीन?” वर ती म्हणाली, “तुले कोनतीही गोष्ट अख्खी का नाही पाहवत रे, बाबू?”

पूर्ण फाइल मी फोनवर पाठवू शकलो असतो. पाठवली नाही. पुन्हा काही गडबड झाली तर दुरुस्तीला वेळ उरणार नव्हता, आणि माझ्या हिरव्या खुणांवर आता घरात कोणाचाच विश्वास नव्हता. शुक्रवारी सकाळी मी बायकोला घेऊन कटंगीला गेलो. ऑफिसचा बंद केलेला सर्व्हर, नवा सर्व्हर आणि त्यांचे टिंबांचे नियम या तिघांनाही वगळून मूळ रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये होतं. बसमध्ये बायकोने ते एकदा पूर्ण लावून पाहिलं. तपासणी तिच्याकडे होती.

मुलीच्या घरासमोर मांडव पडला होता. डीजेवाले डबे उतरवत होते. आत्या आधीच पोचली होती आणि डीजेवाल्याला दम देत होती, “मी सांगते तवा सुरू करजो. त्याच्या आधी एक ठोका नको.” मुलगी आतल्या खोलीत पिवळी साडी नेसून बसली होती. तिच्याजवळ तिची मावशी आणि दोन-तीन बाया होत्या. आत्याने माझी ओळख करून दिली. “हाच तो माया भाचा. कापनारा.”

मी फोन मुलीच्या हातात दिला. आवाज मोठा होता, तरी तिने फोन कानाला लावला.

गाणं सुरू झालं. नवरीचं नाव आलं तेव्हा मावशीने पदर तोंडाला लावला. मामाचं नाव आलं. मग भांडं वाजलं, गाणं तुटलं आणि एका बाईचा एकटीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “ए पोट्टी, हात काढ त्या हळदीतून! तुयं लगन नोहे आज!” बाया हसल्या, एक लहान मूल रडायला लागलं, आणि रेकॉर्डिंग संपलं.

मुलीने फोन कानापासून काढला.

“मलेच रागावून राह्यली,” ती मराठीत म्हणाली.

मावशी म्हणाली, “हौ. सगळी वाटी सांडवली होती तू.”

मुलीने फोन पुन्हा कानाला लावला. ते सुरुवातीपासून कसं लावायचं हे बायकोने तिला दाखवलं. मी बाहेर मांडवात येऊन बसलो. आत्या दारात उभी राहिली. काही वेळाने मुलगी बाहेर आली, पाटावर बसली, आणि मावशीने तिला पहिली हळद लावली.